कॅनॉपीच्या फेअरिंगची दुरुस्ती आणि वेस्ट सिस्टीमचे इपॉक्सी

ओरेगॉनमधील व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीचे आरव्ही-७ विमान घरी बांधणाऱ्या बहुतेकांना अ‍ॅल्युमिनियमच्या रिव्हेटांपेक्षा कॅनॉपीच्या (वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या छताच्या) पुढच्या कडेवरील फायबरग्लासची फेअरिंग, म्हणजे सांधा झाकणारी गुळगुळीत पट्टी, अधिक घाम फोडते. मी वापरलेले विमान घेतले, तेव्हा ही फेअरिंग कडेने तडकलेली होती. खरवडून पाहिल्यावर आत मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये भरतात तसली पॉलिएस्टरची लांबी (पुट्टी) निघाली. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे या सांध्यावर ऊन-थंडीचा ताण सतत येत राहतो आणि ठिसूळ लांबी तेथे फार काळ तग धरत नाही. शिवाय पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन अ‍ॅक्रिलिकला बाधते. म्हणून जुना थर काढून वेस्ट सिस्टीम या ब्रँडच्या इपॉक्सीचे १०५ रेझिन आणि ते घट्ट करणारे २०६ हार्डनर वापरून सगळे काम नव्याने केले.

या मालाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचे पंप. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण ५ ला १ आहे. ते पंपांच्या रचनेतच बसवलेले असल्याने दोन्ही डब्यांवरचा पंप एकेकदा पूर्ण दाबला की प्रमाण आपोआप साधते. पंपात हवा राहिलेली नाही एवढी खात्री मात्र सुरुवातीला करून घ्यावी. फेअरिंगसाठी एका वेळी जेमतेम वाटीभर मिश्रण लागते, आणि इतक्या थोड्या मिश्रणाचे प्रमाण नजरेच्या अंदाजाने चुकण्याची भीती सर्वाधिक असते.

हार्डनर निवडताना २०५ या झटपट हार्डनरच्या मोहात पडू नये. सुमारे २२ अंश सेल्सिअस तापमानात ते भांड्यात ९ ते १२ मिनिटांतच घट्ट होऊ लागते, तर २०६ हे २० ते २५ मिनिटे देते. कॅनॉपीच्या वळणावर काचतंतूच्या कापडाच्या पट्ट्या एकीवर एक बसवणे, सुरकुत्या काढणे आणि अडकलेली हवा ब्रशने टोचून बाहेर काढणे यात ती जादा मिनिटे केव्हाच खर्ची पडतात. गॅरेज १६ अंशांहून थंड असेल तर मात्र २०६ वापरू नये.

पहिल्या थराच्या रेझिनमध्ये काळे रंगद्रव्य मिसळण्याची रीत बांधणाऱ्यांमध्ये रुळलेली आहे, कारण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून त्या थराची खालची बाजू वैमानिकाला कायम समोर दिसते. फेअरिंगची हद्द ठरवण्यासाठी विनाइल टेप लावून तिच्या आतला पट्टा ८० नंबरच्या सँडपेपरने खरबरीत केला, टेपपलीकडचे अ‍ॅक्रिलिक पूर्ण झाकले आणि जवळपास अ‍ॅसिटोनची बाटली उघडलीसुद्धा नाही. त्या द्रावकाने अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या बारीक चिरा पडतात.

उंचसखलपणा भरून काढण्यासाठी घेतलेले ४१० फिलर (इपॉक्सीत मिसळून ते दाट करणारी भुकटी) घासायला सुखद आहे. ते थोडे थोडे ढवळत घालावे लागते. मिश्रण श्रीखंडाइतके दाट झाले की उभ्या पृष्ठभागावर ओघळत नाही आणि वाळल्यावर सँडपेपरखाली भुसभुशीत पूड होऊन निघते. पातळ कडेसाठी हे फिलर माझ्या मते कमकुवत आहे, तिथे ४०६ हे सिलिकाचे फिलरच हवे. ते घासताना मनगटे दुखतात, पण कड तुटत नाही.

हे इपॉक्सी वाळताना पृष्ठभागावर मेणचट थर येऊ शकतो. तो सँडपेपरने घासू नये, कारण कागद लगेच भरतो आणि मेण सगळीकडे पसरते. साधे पाणी आणि स्क्रबर यांनी आधी धुऊन, कोरडे करून मगच घासावे. शेवटच्या थरावर पील प्लाय (वाळल्यावर सोलून काढायचे कापड) दाबून ठेवले, तर हा व्याप बराच वाचतो.

किमतीच्या दृष्टीने हा माल स्वस्त नाही, पण दुरुस्तीपुरते घेताना लहान डबे आणि पंपांचा जोड पुरेसा होतो. सूर्यप्रकाश इपॉक्सीला मानवत नसल्याने वर रंग द्यावाच लागतो, आणि रंगाची निवड आधीच करून ठेवावी: गडद रंगाखाली पृष्ठभाग फार तापतो, म्हणून तिथे ४१० वापरू नये असे उत्पादकच सांगतो. कॅनॉपीभोवती काळा पट्टा हवा असेल, तर ४१० चा डबा घेऊच नका.