जेव्ही स्क्वायर स्ट्रॅट: ’५७ की ’६२?

जेव्ही, म्हणजे फेंडरच्या स्क्वायर ब्रँडची ‘जपानीज व्हिंटेज’ स्ट्रॅट इलेक्ट्रिक गिटार, घ्यायची हे एकदा ठरलं, की पुढचा घोळ सुरू होतो तो ’५७ आणि ’६२ मध्ये, म्हणजे फेंडरच्या १९५७ आणि १९६२ च्या गिटारच्या धर्तीवर बनलेल्या दोघींमध्ये. दोन्ही मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात बनलेल्या, दोन्ही १९८२ ते १९८४ या थोड्या काळातल्या. जपानी नकलांनी बाजार खाल्ला म्हणून फेंडरने जपानमध्येच कंपनी काढली, वगैरे इतिहास तुम्हाला ठाऊक असेलच. माझ्याकडे दोन्ही होत्या. आता एकच आहे.

आवाजातला फरक लोक फार रंगवून सांगतात. माझ्या कानांना आणि माझ्या अँपवर मेपल लाकडाच्या बोर्डची (बोटं दाबायच्या पट्टीची) ’५७ थोडी जास्त खणखणीत वाटायची, इतकंच. तारा जुन्या झाल्या की तोही फरक मला कळेनासा व्हायचा. शिवाय चाळीस वर्षांत कुणी पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबकी भाग) बदलले असतील तर आपण नेमकं कशाच्या आवाजावर बोलतोय? ते ज्यावर बसवलेले असतात ते पुढचं प्लॅस्टिकचं पिकगार्ड उघडायला दुकानदार तयार नसेल तर तो विषय सोडून द्यावा.

पिकगार्डवरून आठवलं. ’५७ वर एकपदरी, आठ स्क्रूंचं; ’६२ वर तीनपदरी, अकरा स्क्रूंचं. फेंडरने मूळ गिटारवर हा बदल १९५९ मध्ये केला. माझ्या ’५७ चं पिकगार्ड दोन स्क्रूंच्या मधे हलकंसं उचललं गेलं होतं. वाजवताना त्रास शून्य, पण एकदा दिसलं की नजर सारखी तिथेच जाते.

माझा निर्णय झाला तो मात्र फ्रेट्सवरून, म्हणजे बोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरून. या वयाच्या गिटारचे बारीक, बुटके फ्रेट झिजलेलेच असतात, म्हणजे आज ना उद्या रीफ्रेट, म्हणजे ते बदलणं, आलंच. ’६२ च्या रोझवूडच्या बोर्डवर ते सरळ काम आहे: जुने काढा, बोर्ड घासून सारखा करा, नवे बसवा. ’५७ चा मेपल बोर्ड लॅकरखाली असतो. फ्रेट उपटताना खाचेच्या कडेला लॅकरचे टवके उडतात, आणि बोर्ड घासायचा तर सगळं लॅकर काढून पुन्हा चढवावं लागतं. मी ज्यांना विचारलं त्यातल्या एकाने हात जोडले, दुसऱ्याने रोझवूडच्या जवळपास दुप्पट पैसे सांगितले आणि वर ‘रंग जुळेलच असं नाही’ हेही ऐकवलं. जुन्या लॅकरचा तो मधासारखा पिवळेपणा हेच ’५७ चं सौंदर्य. तोच घालवायला पैसे मोजायचे, हे मला काही झेपेना.

यात बोर्डच्या गोलाईची, ७.२५ इंचांच्या रेडियसचीही भर पडते. वरच्या फ्रेट्सवर तार खेचून मोठा बेंड घेतला की नोट चोक होते, म्हणजे मधेच दबते, आणि दोन्हींवर होते. पण ’६२ चं रीफ्रेट करतानाच बोर्ड किंचित सपाट करून घेता आला आणि तो त्रास बराचसा गेला. मुंबईच्या पावसाळ्यात घामट बोट लॅकरवर चिकटतं, हेही खरं. मात्र ही तक्रार न करणारे मित्रही आहेत, तेव्हा तिला फार वजन देऊ नका.

’५७ च्या बाजूने बोलायचं तर तिच्या नेकचा तो हलका ‘व्ही’ आकार. अंगठा वरून आणून कॉर्ड धरणाऱ्याला तो सोडवणार नाही. फ्रेट्स धड असलेली ’५७ मिळाली आणि तुम्ही घरीच, हलक्या हाताने वाजवणारे असाल, तर खुशाल घ्या.

रोझवूड परदेशातून आणताना कागदपत्रांची धास्ती असते. २०१७ नंतर ती रास्त होती. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) कागदपत्रांच्या अटीतून सूट आहे. ब्राझिलियन रोझवूड त्यात येत नाही, पण स्क्वायरवर ते मिळण्याची आशाही ठेवू नका.

राहिला लोगो. सुरुवातीच्या काहींवर मोठं ‘फेंडर’ आणि कोपऱ्यात छोटं ‘स्क्वायर सिरीज’ असतं, आणि तेवढ्यासाठी विक्रेते चांगलेच जास्त मागतात. तुमच्या जागी मी असतो तर नंतरच्या, मोठ्या ‘स्क्वायर’ लोगोची ’६२ घेऊन उरलेले पैसे रीफ्रेटला ठेवले असते. नेकचा बाक जुळवणाऱ्या आतल्या सळईचा, ट्रस रॉडचा, नट दोन्हींत नेकच्या टाचेशी आहे, म्हणजे नेक सोडवल्याशिवाय तो फिरत नाही. तेव्हा पैसे देण्याआधी नेक खोलून दाखवायला सांगा आणि नटाची खाच शाबूत आहे का ते बघा.