द एफजे होल्डन (१९७७): पुढच्या सीटवरचा तिसरा

गाड्यांचा पिक्चर म्हणून लावला होता, वाटलं रेसबिस असेल, आणि संपला तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले आणि डोक्यातून जाईना. मायकल थॉर्नहिलचा ऑस्ट्रेलियन सिनेमा आहे, सिडनीच्या बँक्सटाउन उपनगरातल्या कामगार घरांतल्या पोरांचा.

केव्हिन आणि बॉब, एकदम जिगरी. केव्हिनकडे एफजे होल्डन. ही गाडी निघायची १९५३ ते ५६ मधे, म्हणजे पिक्चर आला तेव्हा वीसेक वर्षं जुनी, जवळपास केव्हिनच्याच वयाची. आधीच्या पिढीनी बायकापोरांना फिरवायला घेतलेली साधी सहा सिलिंडरवाली गाडी, ती आता या पोरांच्या हातात आलीये आणि तीच त्यांची इज्जत. मग काय, त्याच त्या रस्त्यांवर चकरा, बिअर, पोरी बघणं, परत चकरा, कारण जायला दुसरं ठिकाणच नाही.

या गाडीची पुढची सीट सलग असते, बाकासारखी, आणि गिअर स्टिअरिंगला, आपल्या जुन्या पद्मिनीसारखा. म्हणजे पुढे तिघं आरामात मावतात. मला तर सगळा सिनेमा त्या सीटमधेच दिसला. केव्हिनला ॲन आवडते, मनापासून आवडते, पण बॉबला खाली उतर म्हणायची हिंमत त्याच्यात नाही. तिकडे मेट, म्हणजे जिगरी दोस्त, म्हटला की मेट, त्याला दुखवायचं नाही. आणि मग त्या दोघांच्या अगदी खासगी क्षणीसुद्धा बॉब बघत असतो, ॲनला ते कळतं आणि ती सरळ संबंध तोडते. तिचं शंभर टक्के बरोबर आहे! केव्हिनला मात्र आपलं चुकलं काय हे शब्दात सांगताच येत नाही, त्याला ते कधी कोणी शिकवलेलंच नाही, आणि तिथे मला त्याचा राग पण आला आणि वाईट पण वाटलं.

पॉल कूझेन्सचा केव्हिन चांगलाच आहे, पण इव्हा डिकिन्सनची ॲन लक्षात राहते, कमी बोलते आणि सगळं समजतं. बाकीच्या मुलींना मात्र काही कामच दिलेलं नाही, हे खटकलं. मधे जरा रेंगाळतो पण. शेवट सांगत नाही.

घरच्यांसोबत लावू नका, बरेच सीन अवघड आहेत. आणि त्यांची बोली पटकन कळत नाही, सबटायटल मिळाली तर लावाच.