बेडिंग की चॅसिस?

टेक्सासमधल्या मित्राकडे लाकडी दस्त्याची रेमिंग्टन ७०० रायफल आहे. गोळ्या विखुरतात म्हणून तो अडलाय: दस्त्याला इपॉक्सी बेडिंग करावं (म्हणजे दस्ता आणि धातू यांच्यातली फट इपॉक्सीने भरावी), की दस्ताच काढून त्याजागी अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, म्हणजे चॅसिस घ्यावी? (आधी दुर्बिणीचे आणि दस्त्याचे स्क्रू तपास, बाबा. निम्मे आजार तिथेच निघतात.)

खर्चात बेडिंग स्वस्त. इपॉक्सीचा संच काही डझन डॉलरमध्ये येतो, चॅसिसला काहीशे तरी लागतात. हजाराच्या वरही जातात.

मेहनतीचं गणित उलटं. बेडिंगमध्ये रिसीव्हर (नळी ज्याला जोडलेली असते तो धातूचा मधला भाग) आणि धक्का झेलणारा रिकॉइल लग यांच्याभोवतीचं लाकूड कोरून इपॉक्सी भरायचं, म्हणजे धातू दर वेळी त्याच जागी घट्ट बसतो. पण धातूला मेण किंवा रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) लावायला विसरलात, किंवा स्क्रूच्या भोकात इपॉक्सी शिरलं, की रायफल दस्त्यातच कायमची चिकटली म्हणून समजा! चॅसिसला हे काही नाही. ७००चा रिसीव्हर गोल, तो व्ही आकाराच्या खाचेत बसतो. टॉर्क पान्याने स्क्रू आवळले की संपलं.

टिकाऊपणात चॅसिस पुढे. बेडिंग केलं तरी दस्त्याचं बाकीचं लाकूड दमट हवेत फुगतं, त्यामुळे नळीभोवती फट ठेवावीच लागते. उलट चॅसिस बहुधा जड, आणि थंडीत गालाला बर्फासारखी लागते.

नळीच झिजली असेल तर दोन्हींवरचा पैसा वाया.

डोंगरात शिकारीला चालायचं असेल तर बेडिंग, तेही सवय नसेल तर गनस्मिथकडून. रेंजवर बाकावरून लांबची कागदी निशाणं फोडायची असतील तर चॅसिस.