शिवभोजन थाळी: दहाची नोट हातावर ठेवण्यापेक्षा बरी का?

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, कुठल्याही एस.टी. स्टँडवर कुणी हात पुढे केला की एक सल्ला हमखास मिळतो: पैसे देऊ नका, दारूत जातील, त्यापेक्षा जेवू घाला. जेवू घालायचं तर सगळ्यात स्वस्त सोय शिवभोजन केंद्राची. तेव्हा या थाळीकडे रस्त्यावर राहणाऱ्या माणसाच्या बाजूने बघू.

राज्य सरकारची ही योजना 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली. ताटात 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात आणि 100 ग्रॅम वरण. थाळीचा दर शहरात 50 रुपये आणि ग्रामीण भागात 35 रुपये धरलेला; त्यातले 10 जेवणाऱ्याचे, बाकी सरकारचं अनुदान. दहा रुपयांत स्टँडवर जेमतेम चहा होतो, वडापाव नाही. त्यामुळे पैशाच्या हिशोबात या थाळीला तोड नाही. पोटाच्या हिशोबात मात्र हे जेमतेम पाचशे-साडेपाचशे कॅलरीचं जेवण आहे. दिवसभरात दुसरं काही मिळणार नसेल तर अपुरंच. भातावर वाढलेल्या माणसाला दीडशे ग्रॅम भात म्हणजे चार घास. दात नसलेल्या म्हाताऱ्यांची चपाती ताटातच राहते. वाढणाऱ्याला आधीच सांगून ती वरणात कुस्करून घ्यावी. खरं तर त्यांना पेजच हवी, पण ती या ताटात नाही.

खरी अडचण काउंटरवर येते. थाळीची नोंद ॲपवर जेवणाऱ्याच्या फोटोसह होते. त्यामुळे तुम्ही दहा रुपये भरून ‘तो मागाहून येईल’ म्हणालात तर चालकाला ते नोंदवता येत नाही. माणसाला सोबत न्यावं लागतं. काही जण फोटोला बिचकतात, पोलिसांचं काम वाटतं आणि मागच्या मागे निघून जातात. फोटो कशासाठी ते रांगेत लागण्याआधीच सांगा. दुसरं, मळलेले कपडे आणि वास यामुळे बाकीची गिऱ्हाइकं कुरकुरतात. चालकाशी आधी बोललात तर बाहेरच्या बाकावर ताट मिळतं. न बोलता आत नेलंत तर अपमान त्या माणसाच्या वाट्याला येतो, तुमच्या नाही.

वेळही सांभाळावी लागते. मूळ नियमात दुपारी 12 ते 2, आणि रोजच्या थाळ्यांचा आकडा ठरलेला. स्टँडजवळच्या केंद्रावर तो लवकर संपतो, तेव्हा बारालाच पोहोचलेलं बरं. अनुदान थकल्याची तक्रार राज्यभरचे केंद्रचालक करत आलेत. पैसे अडकले की आधी वरण पातळ होतं, मग भाजीत बटाटाच उरतो, शेवटी शटर खाली. केंद्र चालू आहे की नाही हे बघून मगच कुणाला तिकडे धाडा. पावसात बंद दारापर्यंत भिजत गेलेला माणूस पुन्हा तुमचं ऐकणार नाही.

आणि रात्रीचं काय? थाळी दुपारची. सार्वजनिक शौचालयाचे पैसे, साबण, पायाच्या जखमेला पट्टी, गावी जायचं एस.टी.चं तिकीट, जून ते सप्टेंबर अंगावर घ्यायला प्लास्टिक, यातलं काही थाळीतून निघत नाही. म्हणून मोठ्या माणसाला दहा-वीस रुपये रोख द्यायला आमची हरकत नाही. तो त्याचं काय करतो हे विचारायचा हक्क वीस रुपयांत विकत मिळत नाही. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागणं गुन्हा ठरवलंय, देणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. दारू प्यायलेला दिसला तर त्या वेळी खायला द्या, इतकंच. लहान मुलांच्या हातात मात्र रोकड नकोच. मुलांना भीक मागायला लावणं हा बाल न्याय कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. तिथे खाऊ द्या आणि 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.

जिथे थाळी आणि नोट दोन्ही निरुपयोगी ठरतात ती माणसंही कोकणात स्टेशनांवर दिसतात: स्वतःशी बोलणारी, भर उन्हात चार-चार कपडे चढवलेली, दिलेलं ताट तसंच ठेवणारी. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 नुसार अशा भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेणं हे पोलीस ठाण्याचं काम आहे. कोठडीत ठेवता येत नाही. घरच्यांचा शोधही त्यांनीच घ्यायचा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पोलिसांसाठी 112 लावताना नुसतं ‘एक वेडा बसलाय’ म्हणू नका, त्यावर कुणी हलत नाही. फलाट किंवा दुकानाची खूण, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, जखम असेल तर कुठे, आणि ‘कलम 100’ हे शब्द, एवढं सांगा. जखम वाहती असेल तर आधी रुग्णवाहिकेचा 108.

थाळीला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण रात्रीचं जेवण नसल्याचा कापला, एक गुण फोटोच्या आणि वेळेच्या जाचाचा.