प्रवासाला एकच लेन्स: 18-135 झूम की 35 मिमी प्राइम?

सॅकमध्ये एकच लेन्स न्यायची, तर खरा वाद या दोघींतच. झूम 18 ते 135 मिमीपर्यंत फिरते (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं जवळ), प्राइम मात्र 35 वरच कायम. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा धरू, म्हणजे फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरपेक्षा लहान.

सिंहगडावर झूम निर्विवाद पुढे. कल्याण दरवाजा 18 मिमीला अख्खा मावतो आणि हवा स्वच्छ असेल तर 135 वर राजगडाचा बालेकिल्लाही जवळ ओढता येतो. लहान सेन्सर दृश्याच्या कडा कापतो, म्हणून 1.5 पट क्रॉपने हा पल्ला फुल फ्रेमच्या 27 ते 202 मिमीइतका होतो. शिवाय पावसाळी वाऱ्यात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर धूळ-पाण्याला आवतणच.

उजेड कमी झाला की मात्र पारडं फिरतं. पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्याच्या आत किंवा विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर प्राइम एफ/1.8 पर्यंत उघडते (हा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). झूमही 35 मिमीवर धरली तर ती साधारण एफ/4.5 ला अडते. म्हणजे प्राइमला सहापट प्रकाश. झूमला जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) 6400 लागेल, तिथे प्राइमचं आयएसओ हजारात भागतं. झूममधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, ढोल बडवणाऱ्याचा नाही. तिथे शटरच वेगवान हवं. आणि तुळशीबागेत लांबलचक नळी रोखली की माणसं आखडतात (काही तर चक्क पोझ देतात). छोट्या प्राइमकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

वजनातही प्राइम हलकी. अडचण एकच: क्रॉपमुळे ती 52 मिमीसारखी वागते, त्यामुळे बोळातला वाडा फ्रेममध्ये मावत नाही.

गडांना मी झूम नेतो. गणपतीत फक्त प्राइम. वाड्यांसाठी फोनची वाइड लेन्स असतेच खिशात.