एकच संध्याकाळ हाती असेल तर: सराफा की छप्पन?

पुण्या-मुंबईहून इंदुरास नातेवाइकांकडे उतरलेल्या पाहुण्यांच्या हाती बहुधा एकच मोकळी संध्याकाळ असते, आणि ती राजवाडा-सराफ्यात घालवावी की छप्पन दुकानवर, हा प्रश्न राजेंद्रनगर-लोकमान्यनगरातल्या मराठी घरांत हमखास निघतो. दोन्हीकडे पायीच हिंडायचे असते, खाण्याची ख्यातीही दोहोंची आहे. परंतु सराफा हा मुळात बाजार आहे आणि छप्पन ही खाऊगल्ली, हा फरक ध्यानात घेतल्यास निवड पुष्कळ सोपी होते.

खरेदी करायची असेल तर सायंकाळी सहालाच राजवाड्यापाशी पोहोचावे. होळकरांच्या या सात मजली वाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. १९८४च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला व पुढे तो पुन्हा उभारण्यात आला. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांनी आपापला माल वाटून घेतला आहे: साड्यांसाठी शीतलामाता बाजार, भांड्यांसाठी बर्तन बाजार, पुस्तकांसाठी खजुरी बाजार. माहेश्वरी घ्यायची असल्यास काठ उलटून पाहावा, कारण पारंपरिक माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी मिरवता येतो. घासाघीस करण्यात येथे कोणी कमीपणा मानत नाही.

दिवसभर सोन्याचांदीची उलाढाल करणाऱ्या सराफ्यातील पेढ्या रात्री नऊच्या सुमारास बंद होऊ लागतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाद्यपदार्थांची दुकाने लागतात, ती मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. रात्री वर्दळ राहिली म्हणजे दागिन्यांच्या दुकानांची आपसूक राखण होते, म्हणून सराफांनीच हा बाजार बसू दिला, असे सांगितले जाते. भुट्ट्याचा कीस येथे खावाच. थंडीचे दिवस असतील तर तळून वर जिरावण हा इंदुरी मसाला भुरभुरलेला गराडू नावाचा कंदही चुकवू नये. साबुदाण्याची खिचडी मात्र पाहुण्यांना कोड्यात टाकते: आपल्यासारखी कढईत परतलेली न देता ती वाफेवर गरम ठेवतात आणि वर फराळी चिवडा, मसाला व लिंबू घालून देतात. (शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत समजून मागवणाऱ्यांच्या पुढ्यात आटवलेल्या दुधाचा, सुक्यामेव्याचा घट्ट पेला येतो.) उणीव एवढीच की गल्ली अरुंद आहे, शनिवार-रविवारी खांद्याला खांदा लागतो, बसायला जागा जवळजवळ नसते आणि गाडी बरीच दूर लावावी लागते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात किंवा ज्यांच्या कडेवर मूल आहे, त्यांना येथे आग्रहाने नेणे मला तरी पटत नाही.

अशांसाठी न्यू पलासियातील छप्पन दुकान निःसंशय बरे. नावाप्रमाणे ५६ दुकानांची ही ओळ स्मार्ट सिटी योजनेत २०२० साली नव्याने बांधून काढण्यात आली. पूर्वी अगदी दुकानापर्यंत घुसणारी वाहने आता बाहेर थांबतात, फरसबंदी सपाट आहे आणि बसण्याची सोय आहे. येथील प्रसिद्ध हॉट डॉगमध्ये परदेशी सॉसेज शोधू नये, तो गोल पावात टिक्की घालून केलेला इंदुरी प्रकार आहे. घरी न्यायला शेव व मिठाई येथे नीट बांधून मिळते. साडी किंवा पितळी डबा मात्र येथे शोधू नये.

तेव्हा तासन्‌तास उभे राहण्याची तयारी असेल आणि रात्री दहानंतर जेवणे चालत असेल, तर सराफाच निवडावा, मग छप्पन राहिले तरी हरकत नाही. वयस्कर मंडळी सोबत असल्यास किंवा आठपर्यंत पोट भरायचे असल्यास छप्पनवर जावे, कारण त्या वेळी सराफ्यात अजून तराजूच हलत असतात.