नैरोबीत कमी खर्चात पक्षीनिरीक्षण: नॅशनल पार्क की करुरा?

दुर्बीण घेऊन नैरोबीत नव्याने आलेला माणूस हटकून विचारतो, पैसे आणि सुट्टीची सकाळ नॅशनल पार्कवर खर्च करू की करुराच्या जंगलावर? मी दोन्हीकडे पुष्कळ हिंडलोय, म्हणून सांगतो. तुमची आवड वेगळी असेल तर निकालही वेगळा लागेल.

पक्ष्यांच्या यादीत पार्क सरळ पुढे आहे. 1946 पासून राखीव असलेला 117 चौरस किलोमीटरचा हा टापू, त्यात माळ, पाणथळ आणि जंगलाचा पट्टा. शहामृग, सेक्रेटरी बर्ड, मुकुटवाले क्रौंच एकाच सकाळी दिसू शकतात. मोठ्या पावसानंतर, मे-जूनच्या सुमारास, जॅक्सन्स विडोबर्डचा नर तर बघाच. गवताचा एक झुबका मधे ठेवून तो भोवतालचं गवत तुडवतो, गोल अंगण करतो आणि मादीसाठी तिथून उसळ्या मारत राहतो. काळाकुळकुळीत पक्षी, वळलेली लांब शेपटी. क्षणभर गवताच्या वर दिसतो, की पुन्हा आत गडप.

पण पार्कात गाडी लागते आणि काही ठरलेल्या जागा सोडल्या तर खाली उतरता येत नाही. स्वतःची गाडी नसली की एकट्याला स्वस्तातला मार्ग एकच, सफारीच्या व्हॅनमधली एक सीट. माझं मत फिरलं ते या सीटमुळे. सिस्टिकोला नावाचा इवलासा पक्षी उजवीकडच्या झुडपावर गातोय आणि तुमची खिडकी डावीकडे. इंजिन चालू असेल तर दुर्बिणीत सगळं थरथरतं. बंद करायला सांगावं, तोवर कुणाला तरी सिंहाची खबर लागते आणि गाडी निघते. सोबतच्यांचा दोष नाही, त्यांनी पैसे सिंहासाठीच भरलेले असतात. पण तपकिरी रेघांचे ते इवलेसे पक्षी ओळखायचे तर एका जागी थांबावं लागतं, आणि कुठे थांबायचं हे तिथे आपल्या हातात नसतं. शिवाय परदेशी पाहुण्याला प्रवेशाचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात, ते वेगळंच.

करुरात काही शे शिलिंग भरले की पायी आत. साधारण 1,000 हेक्टरचं जंगल आहे आणि पार्कलँड्स-वेस्टलँड्स या वस्त्यांकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर हाकेच्या अंतरावर. 1999 मध्ये या जंगलातल्या बांधकामाविरुद्ध लढताना पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार खाल्ला, म्हणून ते आज उभं आहे. तिथल्या वाटेवरून चालताना मला याची आठवण होतेच.

इथला राजा हार्टलॉब्ज तुराको. बसलेला असला की हिरव्या पानांत सापडत नाही, उडाला की पंख लालभडक. हा लाल रंग तांबं असलेल्या एका रंगद्रव्याचा आहे आणि ते तुराकोंच्या कुळातच सापडतं. आवाज आला की झाडाखाली उभं राहायचं. अर्धा तास लागला तरी मागून कुणी घाई करत नाही. नशीब असेल तर माकडांची शिकार करणारा क्राउन्ड ईगलही दिसतो.

उणिवा आहेतच. वर बघून मान अवघडते, दाट पानांत फोटो काळपट येतात, शनिवार-रविवारी सायकली आणि पळणारे फार. एकूण यादीही पार्कापेक्षा लहानच राहील.

आर्बोरेटम, म्हणजे झाडांची बाग, आणखी स्वस्त आणि शहराच्या मध्यात, पण सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. नवख्याने तिथे एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी जावं. बुधवार मोकळा असेल तर नैरोबी म्युझियमहून नेचर केनिया या निसर्गप्रेमींच्या संस्थेची पक्षीफेरी निघते, ती 1971 पासून चालू आहे. तिथे जाणकारांबरोबर फिरून आवाज ओळखायला शिकलात, तर करुरात दुप्पट पक्षी सापडतील.

मला विचाराल तर आधी करुराच. पार्क मे-जूनसाठी राखून ठेवा, तीन-चार पक्षीवेडे जमवून गाडीचं भाडं वाटून घ्या आणि आज फक्त पक्ष्यांसाठी थांबायचं हे ड्रायव्हरशी निघतानाच ठरवा.